टेलचं पाणी

गुरुवारी मी साखरेच्या पेशंटांचे पाय बघते.
चेहऱ्यांपेक्षा पायच लक्षात राहतात आता.
टाचांच्या भेगांत अजून खरिपाचा चिखल,
धुऊन, घासूनही न निघालेला.

मुखरूजी निकुरे, वय एकाहत्तर,
सात नंबर मायनरचे निवृत्त पाटकरी,
टेबलावर आडवे झाले तरी टोपी काढेनात.
"पायाचं काम हाय ना ताई,
मंग डोस्क्याले काहाले हात लावता?"

डाव्या पावलाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली.
जरा वर, जरा आत. दाब हलका केला,
कारण जास्त दाबलं
की आपलीच नाडी आपल्याला लागते.
नाही.
घोट्यामागे?
नाही.
कातडी मेणासारखी, बोटांवर एक केस नाही,
अंगठ्याला जुना चटका.
"शेकोटीपाशी बसलो होतो.
वास आला तवा समजलं."
वच्छला आशाताई खिडकीबाहेर बघू लागली.

मग ते वीतभर यंत्र,
गार जेल, पेनासारखं टोक.
दंडावर आवाज आला
भरल्या पाटाचा, फुरफुरता.
"हे हेडचं पानी," मुखरूजी म्हणाले, डोळे मिटून.
मी तर काहीच शिकवलं नव्हतं.

पट्टा घोट्यावर गुंडाळला. फुगवला. हळूहळू सोडला.
फार उशिरा
एक बारीक, लांबलेली शूं.
"अन् हे टेलचं."

वहीच्या मागच्या पानावर भागाकार:
ऐंशी भागिले एकशे अडतीस,
शून्य पूर्णांक अठ्ठावन्न.
उजवीकडे एकशे शहाण्णव भागिले तेच,
एक पूर्णांक बेचाळीस.
हुश्श झालं. एक तरी पाय भरून वाहतोय.
'ठीक' लिहायला रकान्यात पेन टेकवलं.

"किती आला गेज?"
सांगितला.
"अन् हेडवर?"
तोही सांगितला.
ते कोपरावर उठून बसले.
"टेलले हेडपेक्षा जास्त?
पस्तीस वर्षं गेट फिरवले मी.
असा गेज दिसला तर पानी पोचलं
असं लिहाचं नाई वहीत.
गेजच आखडला असते.
गंजून बसला असते जाग्यावर."

पेन तसंच राहिलं.
प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर,
पंख्याखाली कुणीतरी सांगत होतं:
साखरेनं नळीची भिंत चुन्यासारखी टणक होते,
पट्ट्यानं दबत नाही, आकडा फुगतो.
एक पूर्णांक चारच्या वर गेला
तर खूश होऊ नका.
मी तेव्हा पेंगत होते बहुतेक.

रकान्यात शाईचा ठिपका पडला होता, तो तसाच ठेवला.
चिठ्ठीवर चंद्रपूर लिहिलं. दोन्ही पाय.
अंगठ्याचा दाब वेगळा बघावा.
"बिडी?"
"सोडली."
"कधी?"
"आता, तुमी इचारलं तवा."

चिठ्ठी टोपीत खोचून ते निघाले.

गावात म्हणतात, रिटायर झाला
पण म्हाताऱ्याची नजर कालव्यावरून हलत नाही.
दर मोरीवर थांबतो,
वाकून बघतो, मग पुढे जातो.
तीन वर्षं मीही तेच म्हणत आले,
कौतुकानं.

आज व्हरांड्यात उभी राहून त्यांची पावलं मोजली.
एकशे दहाला मोरी आली.
थांबले. वाकले.
एक हात कठड्यावर,
दुसरा पोटरीवर.

मार्च चालू आहे.
कालव्यात बघायला काहीच नाही.